अंगठा लावण्याआधी

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या त्या गावात मी दूध संकलनाची पर्यवेक्षक म्हणून जायला लागले, तेव्हा एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. पहाटे शेण काढते ती बाई, कुटार टाकते ती बाई, धार काढते ती बाई; आणि केंद्रावरचं दुधाचं खातं मात्र पुरुषाच्या नावावर. हा गवळाऊ गाईंचा मुलूख. पांढरी, चपळ जनावरं. यांचे बैल शेतीला उत्तम, दूध बेताचं. पण कापूस विकला जाईपर्यंत घरचं तेल-मीठ त्या बेताच्या दुधावरच चालतं.

बायकांची बैठक बोलावली की त्या यायच्या, पदर सावरून बसायच्या. गाईच्या दुधाचा भाव साडेतीन टक्के फॅट (स्निग्धांश) आणि साडेआठ टक्के एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, त्याखाली गेलं की पैसे कापतात, हे मी फळ्यावर लिहून सांगायची. माना हलायच्या, प्रश्न एकही नाही. म्हणून ठरवलं, यांना 'मंथन' दाखवायचा.

दुधाच्या कामात असलेल्या माणसाला हा सिनेमा घरचा वाटतो. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि १९७६ साली श्याम बेनेगलांनी तो केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. पुढे सहकारी संस्था उभ्या करायला त्याच्या प्रती गावोगाव फिरवल्या गेल्या. पण मला तो दाखवायचा होता स्मिता पाटीलसाठी. दुधाच्या व्यवहारातली बाई कशी असते, हे तिच्याइतकं खरं पडद्यावर दुसऱ्या कुणी दाखवलेलं मी पाहिलेलं नाही.

समाजमंदिराच्या भिंतीवर चादर ताणली, तालुक्याहून प्रोजेक्टर आणला. पुरुष पुढे बसले, बायका मागे दाराशी. सिनेमातली हिंदी गुजराती वळणाची, तरी कुणाचं काही अडलं नाही. बिंदू, म्हणजे स्मिता, पडद्यावर आली आणि मागे बोलणं सुरू झालं.

"मॅडम, हे बाई खरीच त्या गावातली हाय का?"

"तिचं बसनं पाय ना. शयरातल्या बाईले असं बसता येते का?"

एकीला तिची चाल पटली, दुसरीला तिचं लेकराला कडेवर घेणं. बिंदू गरीब आहे, पण स्मिता कुठेही गरिबी 'करून' दाखवत नाही. दूध सहकारी संस्था उभी करायला शहरातून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरशी ती नजर न झुकवता बोलते. आधी संशय, मग कुतूहल, मग ओढ. आणि तो कचरला की तिला येणारा राग. दयेला ती जागाच ठेवत नाही. तेव्हा स्मिता जेमतेम विशीतली होती, हे आठवलं की मला आजही नवल वाटतं.

मग तो प्रसंग आला. गावचा दूधवाला मिश्रा डॉक्टरला अडकवायला खोटी तक्रार रचतो आणि त्या कागदावर बिंदूचा अंगठा घेतो. दाराशी बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "कोनी वाचून तरी दाखोलं का तिले?" पुढचे दोन-तीन पुरुष मागे वळून बघायला लागले. तिनं पुन्हा तेच विचारलं, आणखी मोठ्यानं.

सिनेमा संपल्यावर पुरुष उठून गेले, बायका बसून राहिल्या. ही कोण, कुठली, लगन झालं होतं का, आता काय करते? मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. ही पाटलांची पोर, घराणं खानदेशातलं, शिरपूरचं. जन्म पुण्यात, १९५५ सालचा. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे मंत्री झाले. आई विद्याताई समाजकार्यातल्या. लहानपणी ही राष्ट्र सेवा दलात जायची. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची आणि बातम्यांपुरती जीन्सवरूनच साडी गुंडाळायची म्हणतात. बेनेगलांनी तिथूनच तिला हेरलं. 'मंथन'नंतर वर्षभरात 'भूमिका' आला, हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरचा, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'चक्र'मधल्या झोपडपट्टीतल्या बाईसाठी दुसरा. आपल्या मराठीत 'जैत रे जैत' आणि 'उंबरठा'. अमिताभबरोबरही नाचली, 'नमक हलाल'मध्ये. पद्मश्री १९८५ ची.

अमिताभचं नाव ऐकून पोरी हसल्या. मग म्हातारीनं विचारलं, "आता कुठी हाय?"

१३ डिसेंबर १९८६ ला गेली, मी म्हणाले. वय ३१. मुलगा झाला आणि पंधरवड्यात, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीत.

"मुंबईत राहून?" एकीनं विचारलं. मी हो म्हणाले. तिची स्वतःची जाऊ तशीच गेलेली होती. ते ती मला नाही, शेजारणीला सांगायला लागली. आणि मग मघापर्यंत जी नटी होती तिच्याबद्दल त्या बायका गावातल्या एखाद्या गेलेल्या सुनेबद्दल बोलावं तशा बोलत राहिल्या: लेकराला कुणी पाजलं, कुणी सांभाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संकलनाच्या वेळी एक मध्यस्थ केंद्रावर आला. गाय खरेदीच्या कर्जाची प्रकरणं तो करून द्यायचा. महिलेच्या नावानं प्रकरण लवकर होतं, म्हणून बायकांना बोलावलेलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा, शाईचा डबा. नवरे बाजूला उभे. मी फॅटचं मशीन पुसत होते.

पहिल्या बाईचा हात त्यानं धरलाच होता. तिनं तो सोडवून घेतला.

"आंधी वाचून दाखवा ना, भाऊ."

तो म्हणाला, सगळं नेहमीचंच आहे, वेळ होते. नवरा म्हणाला, लाव न व. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुमी वाचा."

मी हात पुसले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. कर्जदार ती. हप्ते थकले तर जबाबदार ती. आणि दुधाचे पैसे ज्या खात्यात जमा व्हायचे, तो नंबर नवऱ्याचा. वाचताना माझाच आवाज चढत गेला.

"कर्ज माह्या नावानं," ती म्हणाली, "मंग पैसे त्याईच्या खात्यात कायले?"

मध्यस्थ हसला, म्हणाला, घर तर एकच आहे ना. तेव्हा रांगेतली दुसरी पुढे आली. "माहाबी कागद वाचा." मग तिसरी. सगळ्या कागदांत तेच होतं. नवऱ्यांपैकी एकजण चिडून निघून गेला. एकानं मात्र आपल्या बायकोला विचारलं, "तुहं खातं हाय का बँकेत?" तिचं जनधनचं होतं, पासबुक सासूच्या पेटीत. तो ते आणायला घरी गेला. त्या सकाळी शाईचा डबा पुन्हा उघडलाच नाही. मध्यस्थ गठ्ठा बगलेत मारून, नवे फॉर्म आणतो म्हणून मोटारसायकलवरून गेला.

नवे फॉर्म यायला वेळ लागला. दरम्यान ज्यांची खाती नव्हती त्या सगळ्या मिळून ऑटो करून आर्वीला गेल्या आणि उघडून आल्या. दोघींच्या घरी यावरून भांडणं झाली. एकीनं प्रकरणच मागे घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण कागद काय म्हणतो ते कळल्यावर तिनं तो निर्णय घेतला होता. पहिल्या बाईची गाय आली आहे. दूध नवराच केंद्रावर आणतो, पावती ती मागून घेते, आणि फॅट कमी लागलं की दुपारी मला फोन करते: सरकी कमी पडली का, की मशीन बिघडलं?

आता 'मिर्च मसाला' दाखवा म्हणून मागणी आहे. त्यातली मिरचीच्या कारखान्यातली सोनबाई मी त्यांना सांगून ठेवली आहे, आणि तो पडद्यावर आला तेव्हा स्मिता या जगात नव्हती, हेही. तूर निघाली की तारीख धरू. यावेळी बायका पुढे बसणार आहेत, तसं त्यांनीच सरपंचाला कळवलंय.