तेल उडालं जरासं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. गेटबाहेरच्या जांभळाखाली सडा पडत होता, म्हणून आधी कोणालाच संशय आला नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये एका हेल्परचे ओठ जांभळे दिसले तेव्हा बाकीचे चिडवायला लागले, "एकट्यानेच खाल्लीस रे!" तोही हसला. समोर आमचे मामा बसले होते. मामा म्हणजे प्लांटमधले सगळ्यांत जुने ऑपरेटर. त्यांनी ताटावरचा त्याचा हात उचलून बघितला आणि जेवण अर्धवट टाकून त्याला थेट माझ्या ओएचसीत, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्यात, घेऊन आले. "मॅडम, जांभूळ खाल्लं की जीभ रंगते. नखं कशी रंगतील?"

मी तेव्हा रायगड जिल्ह्यात, रंगांसाठी लागणारी मधली रसायनं, म्हणजे इंटरमीजिएट्स, बनवणाऱ्या एका कारखान्यात कंपनी डॉक्टर होते. सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधून एएफआयएच हा कामगारांच्या आरोग्याचा कोर्स करून दोन वर्षं झाली होती. पण तोवरचे माझे पेशंट म्हणजे ॲसिडचे चटके, डोळ्यात उडालेला कॉस्टिक, नाईट शिफ्टची ॲसिडिटी आणि सोमवारची पाठदुखी.

हा कंत्राटी हेल्पर, वय तिशीच्या आसपास. तक्रार काय, तर डोकं दुखतंय. उन्हामुळे असेल, असं त्याचंच निदान. छाती स्वच्छ, श्वास नेहमीसारखा. ऑक्सिमीटर लावला तर 85. ऑक्सिजन सुरू केला. दहा मिनिटं झाली, तरी 85. ओठ तसेच, आणि माणूस माझ्याशी गप्पा मारतोय. खरोखरचा 85 असलेला माणूस असा बसत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडून त्याचं मेथहिमोग्लोबिन झालं, की ते यंत्राच्या दोन्ही प्रकाशांना सारखंच अडवतं आणि आकडा 85 च्या आसपास अडकून बसतो. पुस्तकात वाचलेलं होतं. समोर बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

सिरिंजमध्ये रक्त आलं ते चॉकलेटी. एक थेंब फिल्टर पेपरवर टाकला आणि शेजारी माझ्या बोटाचा एक. माझा लाल राहिला. त्याचा हवेत धरला, हलवला, तरी तपकिरी तो तपकिरीच.

"सकाळी अंगावर काही उडालं का?"

"नाय मॅडम. ॲसिडकडे गेलोच नाय आज."

"ॲसिड नाही, दुसरं काही?"

"तेल उडालं जरासं. साडेआठला, होजपाइप काढताना. हात धुतले ना साबणाने."

तेल म्हणजे ॲनिलीन, हिमोग्लोबिन बिघडवणारं रसायन. व्यापारात त्याला ॲनिलीन ऑइल म्हणतात, ड्रमवर तसंच लिहिलेलं असतं, आणि आमच्याकडे त्याचं नुसतं 'तेल' झालं होतं. दिसतंही तेलासारखंच, तपकिरी आणि बुळबुळीत. जळजळ नाही, फोड नाही. मग त्याला कोण भिणार? हात धुतले होते हे खरं, पण उडालं होतं पायावर. फाटके गमबूट बदलून मिळाले नव्हते म्हणून तो स्वतःचे चामड्याचे बूट घालून आला होता. बूट काढला तर मोजा ओला आणि मासळी कुजल्यासारखा वास. चार तास तो पाय त्या पोटिसात होता.

कपडे उतरवून साबण आणि साध्या पाण्याने अंघोळ घातली. गरम पाणी मुद्दाम टाळलं, कारण त्याने कातडीचं रक्त वाढतं आणि उरलंसुरलंही आत जातं. हे सगळं मी लॅटेक्सचे ग्लोव्हज घालून करत होते. ॲनिलीन लॅटेक्समधून आरपार जातं हे लक्षात आलं तेव्हा पाय धुऊन झाला होता. मग माझेही हात धुतले, नवी जोडी चढवली.

अँटिडोटच्या पेटीत मिथिलीन ब्लू, म्हणजे यावरचं निळं औषध, होतं आणि मुदतीत होतं. याचं श्रेय आमच्या कंपाउंडरना, माझं नाही. वजन 58 किलो, म्हणजे 58 मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचं 5.8 मिली, पाच मिनिटं घेऊन शिरेतून. जी6पीडी हे रक्तपेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्या माणसाला हेच औषध रक्त फोडून धोक्यात घालतं. ती तपासणी तिथे शक्य नव्हती, म्हणून मलेरियाच्या गोळ्यांनी घरात कोणाला कावीळ किंवा काळी लघवी झाली होती का, एवढंच विचारून घेतलं. औषध आत जाताना ऑक्सिमीटरचा आकडा आणखी खाली आला. ते निळ्या रंगामुळे होतं हे माहीत असूनही माझ्या पोटात गोळा आला. अर्ध्या तासाने ओठांत गुलाबी झाक दिसली. मग ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्यासोबत मीही हॉस्पिटलला गेले. पुढचे काही दिवस रक्त फुटतंय का यावर लक्ष ठेवावं लागतं. वॉर्डात त्याला खरी काळजी लागली ती हिरव्यानिळ्या लघवीची.

दुसऱ्या दिवशी सेफ्टी ऑफिसरांनी हवेचा रिपोर्ट पुढे ठेवला. सगळं मर्यादेत. खोटा नव्हता तो. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात ॲनिलीनची हवेतली मर्यादा 2 पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) होती, म्हणजे घनमीटरला 10 मिलिग्रॅम. पण त्याच ओळीत नावापुढे 'स्किन' असा एक शब्द होता. हवा कितीही शुद्ध ठेवलीत तरी हा पदार्थ कातडीतून जातो, असा त्याचा अर्थ. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यातही 'स्किन' हा एक रकाना होता, आणि त्यात सल्फ्युरिक ॲसिड, फिनॉल, डीएनसीबी (ॲलर्जी आणणारं एक रसायन), ॲनिलीन अशा सगळ्यांपुढे एकसारखी बरोबरची खूण.

अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने 2009 मध्ये नेमका हा गोंधळ सोडवायला घेतला. कातडीला जाळणारं, नुसतं चुरचुरवणारं, ॲलर्जी आणणारं, आत शिरून सगळ्या शरीराला बाधणारं आणि त्यातलंही जीव घेणारं, अशा वेगवेगळ्या खुणा त्यांनी ठरवल्या. मी त्या लिहून मीटिंगला घेऊन गेले. इंग्रजी अक्षरं बघून सगळे वहीत डोकं घालून बसले. मामाच म्हणाले, "सरळ सांगा ना मॅडम. ॲसिड चावतं. डीएनसीबी अंगावर उठतं. आणि हे तेल मुरतं, लोणच्यासारखं."

तक्ता तसाच झाला. चावणारं, उठणारं, मुरणारं. भांडण लागलं फिनॉलवरून. ते आधी कातडी पांढरी आणि बधिर करतं, म्हणून दुखतच नाही, आणि मग आत जातं. चावणारं की मुरणारं? दोन्हीकडे लिहिलं. ॲनिलीनलाही उठणाऱ्यात दुसरी जागा द्यावी लागली, कारण काहींना त्याची ॲलर्जी होते. डीएनसीबीपुढे मी एक ओळ वाढवली, की एकदा अंगावर उठलं त्या माणसाला परत त्या खात्यात लावायचं नाही, पुढच्या वेळी कणभरही पुरतो. मुरणाऱ्या रकान्यापुढे ग्लोव्हजचं नाव आलं ब्युटाइल रबर, आणि खरेदी विभागाने किंमत बघून लगेच फोन केला. सुती हातमोज्यांच्या ढिगात काय वाईट आहे, असा प्रश्न होता. हातमोजा तेल पितो आणि धरून ठेवतो, बुटासारखा, असं सांगितलं.

इंग्लंडात 1886 मध्ये नवजात बाळं निळी पडल्याची नोंद आहे. लंगोटांवर धोब्यासाठी मारलेल्या खुणेच्या शाईत ॲनिलीन होतं. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कोणी पेन उचललं.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. दारू पूर्ण बंद, तिच्याने हे पुन्हा उसळी मारतं, असं बजावलं. त्याने मान हलवली आणि बुटांबद्दल विचारलं. नवे होते, बायकोने घेतलेले. "धुऊन उन्हात टाकले तर?"

चामड्यातून ते निघत नाही. बूट घातक कचऱ्याच्या पिंपात गेले होते. भरपाईसाठी मी चिठ्ठी लिहून दिली. आठवड्याने अकाउंट्समधून ती परत आली, वर पेन्सिलीने विचारलं होतं, कोणत्या खात्यात टाकायचे?