आण्णांची पांढरी वॅगन आर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी शटर वर करून टाकी भरायला मोटार लावली होती, तेवढ्यात एक पांढरी वॅगन आर दारात येऊन थांबली. आतून एक वयस्कर गृहस्थ उतरले. पांढरा सदरा, पायात चपला, उजव्या हाताच्या बोटांची टोकं काळपट आणि चपटी. माझं डिटेलिंगचं, म्हणजे गाड्यांचा रंग बारकाईनं साफ करून चमकवायचं, दुकान कोल्हापुरात, शिरोलीकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. आमच्याकडं असे हात ओळखू येतात. हा माणूस फौंड्रीतला, लोखंड ओतायच्या कारखान्यातला.

"गाडी गंजलीया," ते म्हणाले. "लेकीला द्यायचीय. रंगवाल्यानं पंचेचाळीस हजार सांगितलं फुल बॉडीचं. त्याच्याआधी म्हटलं, कुणाला तरी दाखवावी."

गाडी 2012 ची. बॉनेट, टप आणि डिकीवर तांबूस-केशरी ठिपके, खसखशीएवढे, हजारोंनी. लांबून बघितलं तर कुणीही गंजच म्हणेल. पण खाली वाकून दारं बघितली, तर तिथं ठिपके तुरळक. दाराच्या हँडलच्या खालची जागा तर स्वच्छ. आतून येणारा गंज असा पसरत नाही. तो दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला, पाणी साचतं तिथं धरतो, आणि आधी रंगाला फुगे येतात. इथं एकही फुगा नव्हता. जे काही होतं ते वरून पडलेलं होतं.

"आण्णा, गाडी लावत कुठं होता?"

"कारखान्यात. मोल्डिंगला होतो बत्तीस वर्षं. ग्राइंडिंग शेडच्या भिंतीला सावली असायची, तिथं लावायचो. धा वर्षं तिथंच."

इथं थोडं थांबून सांगायला हवं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फौंड्र्या किती आहेत ते कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही. ओतलेला माल पेटीतून काढला की त्याचे जादा तुकडे तोडतात आणि कडा ग्राइंडरवर घासतात. तिथं उडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण. शेडबाहेर पडलेली ही धूळ गाडीच्या रंगावर बसते, रंगात रुतते. मग दव, मग पाऊस. कण गंजतो, गंजताना फुगतो आणि आणखी घट्ट धरतो. शाम्पूनं धुवून हा कण निघत नाही. रेल्वे रुळांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांनाही हेच होतं, आणि आपल्याच ब्रेकच्या धुळीनं चाकांच्या आसपासही.

रंगाखाली पुट्टी भरलीय का ते तपासायला मी एक छोटं लोहचुंबक ठेवतो. ते ब्रेडच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि काचेच्या खाली, वायपरच्या खाचेत साचलेल्या धुळीवरनं फिरवलं. वर काढलं तेव्हा त्याच्यावर काळी केसाळ लव उभी राहिली होती. आण्णांनी चुंबक माझ्या हातातनं घेतलं, उन्हाकडं धरलं, बराच वेळ बघितलं.

"ही तर आमचीच धूळ," ते म्हणाले.

रंगाची जाडी मोजायच्या यंत्रानं टप आणि बॉनेट बघितलं. शंभर मायक्रॉनच्या आतबाहेर. म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या एका पानाएवढी जाडी, आणि त्यात प्रायमरपासून सगळं आलं. डाव्या फेंडरला मात्र दोनशे चाळीस. तो कधीतरी पुन्हा रंगवलेला. डिकीच्या कोपऱ्यात पत्र्यावर पॉलिश लावून पांढरं फडकं फिरवलं, तर फडक्याला रंग उतरला असावा असं वाटलं. पांढऱ्यावर पांढरं कळेना, म्हणून काळ्या मायक्रोफायबरवर पुन्हा बघितलं. होय, पांढरा रंग येत होता. म्हणजे रंग सॉलिड, वर क्लिअर कोटचं, म्हणजे पारदर्शक थराचं, पांघरूण नाही. जे घासू तो थेट रंगच. म्हणून त्या दिवशी मी हात नेहमीपेक्षा जपून चालवायचं ठरवलं.

डिकीवरच तळहाताएवढा एक निस्तेज डाग होता. विचारल्यावर कळलं, एका वॉशिंग सेंटरवर पोरानं ठिपके काढायला हिरवी घासणी मारली होती. मला अशा वेळी खरंच वाईट वाटतं. त्या पोराला कुणी शिकवलेलं नसतं, आणि गाडीवाल्याला वाटतं आता सगळी गाडीच गेली. रंगवायचा सल्ला तिथूनच सुरू होतो. या गाडीला रंगाची गरज नव्हती, आणि कंपनीतनं आलेला रंग विनाकारण खरवडून काढणं मला पाप वाटतं. बाहेर मारलेला रंग कितीही चांगला असला तरी कारखान्याच्या भट्टीत भाजलेल्या रंगाची सर त्याला येत नाही.

आण्णांना म्हटलं, "दिवसभर लागंल. थांबणार, का संध्याकाळी येणार?"

"थांबतो की. बघू दे काय करतोस."

आधी साधं धुणं झालं, दोन बादल्यांचं. एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खंगाळायला साधं पाणी. गाडी शेडखाली घेतली, पत्रा गार होऊ दिला. मग आण्णांच्या हातात तीच ब्रेडची पिशवी घातली आणि म्हटलं, बॉनेटवरनं बोटं हलकी फिरवा. उघड्या हाताला जे जाणवत नाही ते पातळ प्लास्टिकमधनं कळतं; घर्षण कमी होतं आणि बोटांना फक्त उंचवटे लागतात. आण्णांनी बोटं फिरवली आणि हात मागं घेतला.

"सॅंडपेपर हाय ह्यो."

मग आयर्न रिमूव्हर मारला. हे क्लेच्या, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ वडीच्या, आधीच करायचं. रुतलेले कण निम्मेशिम्मे विरघळवले नाहीत, तर क्ले तेच कण रंगावरनं ओढत नेतो. या औषधात थायोग्लायकोलेट असतं, पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्ये असतं तेच. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होतं. बॉनेटवर फवारलं आणि मिनिटभरात प्रत्येक ठिपक्यातनं जांभळी धार सुटली. एकेक ओघळ दुसऱ्याला मिळत गेला आणि नंबरप्लेटवरनं जांभळं पाणी ठिबकायला लागलं. वास सडक्या अंड्याचा. मास्क आणि हातमोजे असूनही डोळ्यांना लागतो. आण्णा मात्र जवळच उभे. "भट्टीवर ह्याच्यापरीस वाईट वास असतोय," म्हणाले. तीन-चार मिनिटं ठेवलं, वाळू दिलं नाही, भरपूर पाण्यानं धुतलं. टपावर आणि बॉनेटवर दोनदा मारावं लागलं. खालच्या दारांवर डांबराचे थेंब होते, ते टार रिमूव्हरनं वेगळे काढले.

आता क्ले. शंभर ग्रॅमची निळी वडी, बारीक ग्रेडची. मी तिचे दोन भाग करतो, एक हातात आणि एक राखून, म्हणजे एक खाली पडला तर दुसरा असतो. आण्णांनी राखलेला तुकडा उचलला, अंगठ्यानं दाबला, चुरगाळला, पुन्हा गोळा केला. मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारा, काळी वाळू मुठीत दाबून, मोडून तिच्यातला ओलावा आणि चिकटपणा जोखतो, तशी ती सगळी हालचाल होती.

"ही माती न्हाई," ते म्हणाले. "बेंटोनाइट आसा ताणत न्हाई. तुटतोय."

बेंटोनाइट म्हणजे साच्याच्या वाळूत मिसळायची चिकणमाती. त्यांचं बरोबरच होतं. नाव क्ले असलं तरी ही खाणीतली माती नव्हे. लवचीक कृत्रिम राळ असते आणि तिच्यात अपघर्षकाची अगदी बारीक पूड मिसळलेली असते. जपानच्या तादाओ कोदाते यांना 1995 साली अमेरिकेत याचं पेटंट मिळालं, तेव्हा कागदावर नाव होतं 'प्लास्टिक फ्लेक्सिबल ग्राइंडिंग स्टोन', म्हणजे वाकणारा घासदगड. मला हे नाव जास्त आवडतं. गिऱ्हाइकाला वाटतं आपण गाडीला माती चोळतोय, मऊ काहीतरी. ती मऊ आहे, पण दगड आहे, हे विसरलं की रंग गेला.

आण्णांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मग पाणी जास्त पाहिजे."

हो, सगळं काम पाण्यावर, म्हणजे निसरड्या पाण्यावर चालतं. दोन फूट बाय दोन फुटाचा भाग घ्यायचा, ल्युब्रिकंट भरपूर मारायचं, क्लेची तीन बोटांएवढी चपटी वडी करून सरळ रेषेत मागं-पुढं फिरवायची. गोल नाही. आणि जोर द्यायचा नाही. हाताच्या वजनाएवढंच वजन. सुरुवातीला वडी खरखरते. आवाज ऐकू येतो, खर्र खर्र, आणि बोटांना कंप लागतो. दहा-बारा फेऱ्यांनी आवाज खाली येतो, मग थांबतो, आणि वडी काचेवरनं गेल्यासारखी सरकते. आवाज थांबला की आपणही थांबायचं. त्यापुढची प्रत्येक फेरी फुकटचं घासणं असतं.

पहिल्या भागानंतर वडी उलटी केली तर तळ तांबडा-तपकिरी झालेला, त्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे कण. घडी घालून तो आत दाबला, नवा निळा तळ काढला. बॉनेटच्या सहा भागांत अर्धी वडी संपली. टपाला दुसरी लागली.

टप चालू असताना माझ्याकडच्या पोराच्या हातून तुकडा निसटून फरशीवर पडला. त्यानं पटकन उचलला, पाण्याखाली धरला. मी तो त्याच्या हातातनं घेऊन कचऱ्यात टाकला. पोरगा ओशाळला, कारण वडी महाग येते. पण मी या धंद्यात नवीन असताना हेच केलं होतं. काळी सेडान, संध्याकाळची घाई, पडलेला तुकडा धुवून पुन्हा वापरला. एक वाळूचा खडा त्यात राहिला होता. बॉनेटवर दीड फुटाच्या समांतर रेघा उठल्या. तीन दिवस पॉलिश करून त्या बऱ्याचशा काढल्या, एक पैसा घेतला नाही, तरी ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. ती गाडी अजून डोळ्यांसमोर येते. पोराला एवढंच सांगितलं, पडला की संपला.

दुपारी जेवणं झाल्यावर आण्णा म्हणाले, "मला जरा दे." खरं तर मी गिऱ्हाइकाला हात लावू देत नाही. पण सकाळपासून ते बोटांनी गाडी वाचत होते. मागचा उजवा दरवाजा त्यांना दिला. त्यांनी ल्युब्रिकंट मारलं, वडी ठेवली आणि डोळे मिटले. हात मागं-पुढं चालला, मनगट मोकळं, अजिबात जोर नाही. मला लोकांना शिकवायला आठवडे लागतात ते. पेटीतनं पॅटर्न, म्हणजे मालाचा नमुना, काढल्यावर साच्याची भिंत ढासळू न देता तिच्यावरनं हात फिरवायचा, हे त्यांनी बत्तीस वर्षं केलेलं. एका जागी ते थांबले, परत मागं आले, पुन्हा दोनदा फिरवलं. "इथं एक राहिलाय." मी पिशवी घालून बघितलं. एक कण खरंच राहिला होता. मला लागला नसता.

क्लेनं काय होत नाही तेही सांगतो, कारण याबाबतीत आमच्या धंद्यात फार खोटं बोललं जातं. क्लेनं ओरखडे जात नाहीत. बोअरच्या पाण्याचे रंगात उतरलेले डाग जात नाहीत. उलट क्लेनंतर रंगावर हलकं धुरकटपण येतं, म्हणून मागनं फिनिशिंग पॉलिश लागतं. मॅट रंगाला तर क्ले लावायचाच नाही. आणि हे काम न करता थेट कोटिंग, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर, ठोकणारी दुकानं आहेत. बोर्डावर मोठ्या अक्षरात नाइन एच, म्हणजे थराच्या कडकपणाचा आकडा, लिहिलेलं असतं, आणि खाली लोखंडाचे कण तसेच, वर काचेसारखा थर. आतून गंज चालूच. गिऱ्हाइकानं पैसे मोजण्याआधी एक ब्रेडची पिशवी हातात घालून बॉनेटवरनं फिरवावी, एवढंच माझं सांगणं असतं.

चार वाजता मऊ पॅडवर बारीक पॉलिश घेऊन डीए मशीनचा, म्हणजे पॅड फिरवणाऱ्या पॉलिशच्या मशीनचा, एकच हात दिला. डिकीवरचा घासणीचा डाग सत्तर टक्के गेला. पुढं गेलो असतो तर रंग पातळ झाला असता, म्हणून सोडला. आण्णांना तसं सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मग सीलंट, म्हणजे रंगाला जपणारा लेप. पांढरा रंग गार, दुधासारखा दिसायला लागला.

टपावर मात्र पावसाच्या पट्टीजवळ सहा ठिकाणी कण निघाले तरी खाली खड्डा राहिला. तिथं लोखंडानं रंग पूर्ण खाल्ला होता. तिथं क्लेचा उपयोग संपतो. न भरता सोडले असते तर पत्र्याचा खरा गंज तिथनंच सुरू झाला असता. मी त्या रंगाची टच-अपची छोटी बाटली आणि गंज थांबवणारा रस्ट कन्व्हर्टर काढला.

"मी लावतो," आण्णा म्हणाले.

त्यांनी बाटलीतला ब्रश घेतला नाही. खिशातनं काडेपेटी काढली, काडीचं टोक ब्लेडनं तासलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि टपावर वाकले. आधी कन्व्हर्टर, वाळायला वेळ, मग रंगाचा थेंब, खड्ड्याच्या काठाबाहेर न जाऊ देता. पोरानं टॉर्च धरला. सहा ठिपक्यांना त्यांना पाऊण तासाच्या वर लागला. रस्त्यावर शिफ्ट सुटल्याची गर्दी सुरू झाली होती, दुसरं गिऱ्हाईक येऊन बाकावर बसलं होतं, आणि मी त्यांना घाई कर म्हणालो नाही.