इन्फ्रारेड लेझरखाली त्वचा किती तापते: एमएस्सीच्या प्रकल्पाचा माझा अनुभव

कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये तयार झाला. तो बनवणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे, हे मला प्रकल्प हातात घेतल्यावर कळलं आणि फार आनंद झाला. आमच्या प्रकल्पातला लेझर हाच. याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे इन्फ्रारेड. पाणी ती इतकी शोषतं की त्वचेत किरण मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे जातच नाही. उष्णता वरच्या थरात साठते आणि मग खाली झिरपते. ती किती आणि कधी इजा करते, हे मोजायचं होतं.

माणसाच्या त्वचेचा प्रश्नच नव्हता. रचनेने आपल्या जवळची म्हणून डुकराची ताजी कातडी आणायची, सलाईनच्या ओल्या गॉझमध्ये ठेवायची आणि त्याच दिवशी वापरायची. जिवंत त्वचेचा पृष्ठभाग साधारण ३२ ते ३४ अंशांवर असतो, म्हणून सुरुवात तिथूनच. पण मे महिन्यातलं नागपूर! दुपारी खोलीच त्याच्या वर जाते, आणि कूलर लावावा तर त्याचा वारा पृष्ठभाग गार करतो. नवतपात आम्ही पहाटेच, पंखा-कूलर बंद ठेवून काम केलं.

सगळ्यात अवघड होतं ते तापमान मोजणं. थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या धातूच्या जोडतारेची, तार किरणात आली की धातू स्वतःच तापतो. आकडा तारेचा मिळतो, कातडीचा नाही. थर्मल कॅमेरा न शिवता मोजतो, पण आमचा ८ ते १४ मायक्रॉनचा, म्हणजे लेझरचा विखुरलेला प्रकाशही तो तापमान म्हणूनच दाखवणार. सर म्हणाले, "शटर बंद झाल्यानंतरच्याच फ्रेम घ्या." दोन फ्रेमच्या मधल्या वेळातही पृष्ठभाग निवतो, म्हणून निवण्याचा आलेख मागे नेऊन शटर बंद होतानाचं तापमान काढलं. या एका पायरीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

नुसत्या तापमानावरून इजा ठरत नाही. भाजण्याचा अभ्यास करणारे संशोधक हेन्रिक्स आणि मोरिट्झ यांनी १९४७ मध्ये दाखवलं की ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे ६ तास लागतात, ७० अंशांना सेकंदही लागत नाही. म्हणून प्रत्येक क्षणाचं तापमान त्यांच्या समीकरणात घालून त्या त्या क्षणी होणाऱ्या इजेची बेरीज करायची; ती १ झाली की इजा झाली असं धरायचं. या तरंगलांबीला त्वचेच्या छोट्या भागासाठी १० सेकंदांहून जास्त वेळेची सुरक्षित मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ०.१ वॅट आहे, जवळपास भर दुपारच्या उन्हाइतकी. असे आकडे अशाच मोजमापांतून येतात, म्हणून घाई करवत नव्हती.

मेलेली कातडी लाल होत नाही, तिला फोड येत नाही; मग इजा ओळखायची कशी? पॅथॉलॉजीच्या मॅडमनी स्लाइड ध्रुवित प्रकाशात दाखवली: शाबूत कोलॅजन (त्वचेतलं तंतुमय प्रथिन) चमकतं, भाजलेलं काळवंडतं. त्या सीमेपर्यंतची खोली मोजून आम्ही गणिताशी ताडली. या कातडीत रक्त वाहत नाही. काही सेकंदांत त्याने फारसा फरक पडत नाही, मिनिटांत पडतो. म्हणून अहवालातले निष्कर्ष सेकंदांपुरतेच ठेवले.