मजुरीचा रकाना

शनिवार, १४ फेब्रुवारी. रात्रीचे साडेदहा.

हाताला अजून ज्वारीच्या पिठाचा वास येतोय. दोनदा धुतले तरी.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी कुणातरी उद्योजकाची मुलाखत घ्यायची होती. वर्गातल्या बहुतेकांनी नात्यातला दुकानदार गाठला. मी कडक भाकरीवाल्या मावशींचं नाव दिलं आणि मग तीन आठवडे तिकडं फिरकलेच नाही. अनोळखी माणसासमोर माझा घसा कोरडा पडतो, शाळेपासून हे असंच आहे. सकाळी आईनं काही न बोलता रिक्षाचे पैसे हातावर ठेवले, मग मात्र निघाले.

होटगी रोडच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक लांब खोली. पाच बायका, पाच काठवटी, पाच तवे. आत शिरल्याबरोबर थापण्याचा आवाज, एका लयीत. आपल्या सोलापुरात कडक भाकरी सगळेच खातात, शेंगाचटणीबरोबर नाहीतर आमटीत कुस्करून, पण ती कडक होते कशी हे मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. पापडासारखी पातळ थापायची, नेहमीसारखी भाजायची, आणि मग मंद आचेवर ठेवून तिच्यातला ओलावा पुरता जाऊ द्यायचा. घाई केली तर बाहेरून करपते आणि मधे मऊ राहते. तशी एक भाकरी जरी पाकिटात गेली तरी बुरशी धरते आणि सगळं पाकीट वाया जातं. म्हणून मावशी प्रत्येक भाकरी बोटानं वाजवून बघतात.

कागद उघडून मी पहिला प्रश्न वाचला. "या व्यवसायामागची तुमची प्रेरणा काय?"

"प्रेरणा?" मावशी थापता थापता म्हणाल्या. "मालकांचा माग बंद पडला गं. चादरीच्या कारखान्यात होते. दोन पोरं होती पदरात."

पुढचे प्रश्न सगळे असलेच होते. मी कागदाची घडी घातली. काय विचारावं सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं, "मावशी, एक भाकरी तुम्हाला पडते कितीला?"

विचारल्यावर वाटलं, चुकलं. पैशाचं असं तोंडावर विचारायचं नसतं, असंच आपल्या घरात शिकवतात. पण मावशींनी हात पुसले, वरच्या फळीवरची लांबडी वही काढली आणि मला शेजारी बसवून घेतलं. खरी मुलाखत तिथून सुरू झाली.

ज्वारी मालदांडीच, तीही मंगळवेढ्याकडची. काळ्या भारी रानात, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा असतो, म्हणून भाकरी पातळ थापली तरी फाटत नाही. दळणासकट किलोला ५५ रुपये, किलोत वीस भाकरी, म्हणजे भाकरीमागे पावणेतीन रुपये पिठाचे. २ रुपये थापणारीची मजुरी. गॅस ६० पैसे. पाकीट, खोकं, हमाली मिळून ६५ पैसे. झाले ६ रुपये. शंभरात पाच-सहा तरी मोडतात, तो तोटा उरलेल्या भाकरींवर वाटून आणखी ३५ पैसे. दुकानाला जाते साडेसातला. चुरा वेगळा विकतात, त्याचंही पान वहीत आहे.

मी उतरवून घेत होते, तेवढ्यात त्यांनी मजुरीच्या रकान्यावर बोट ठेवलं. सगळ्यात वर त्यांचं स्वतःचं नाव. आज १४० भाकरी, २८० रुपये.

"पहिली चार वर्षं हे नाव नव्हतं," त्या म्हणाल्या. बाकीच्या बायकांची मजुरी रोजच्या रोज मांडायच्या, स्वतः पहाटे चारला उठून थापलेल्या भाकरी मात्र फुकटात धरायच्या. घरचंच काम, त्याचे कसले पैसे? त्यामुळे भाव कमी ठेवला, माल खूप खपला आणि हातात काही उरेना. बचत गटाच्या बैठकीत बँकेच्या एका बाईंनी वही चाळली आणि विचारलं, यात तुमची मजुरी कुठं आहे? "त्या रात्री झोप नाही लागली बघ. चार वर्षांच्या भाकऱ्या मोजत बसले."

भाकरी थापायच्या यंत्राचा विषय मीच काढला. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, कमाल १० लाख. मावशींना ते माहीत होतं. "बाकीच्या ६५ टक्क्यांचा हप्ता कुणी भरायचा? आधी माझी उधारी येऊ दे." ज्वारीची काढणी आता तोंडावर आलीय. वर्षाची ज्वारी याच दीड-दोन महिन्यांत भरून ठेवावी लागते, पुढे भाव चढतो. म्हणजे पैसा लागतो आत्ता, आणि तो अडकलाय दुकानांत.

पुण्याच्या एका दुकानाकडं ९०० भाकरींचे ६,७५० रुपये. माल गेला १८ नोव्हेंबरला. मी बोटांवर मोजलं, ८८ दिवस.

वर्गात शिकलेलं एकदम आठवलं. २००६ चा कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. मावशींची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, झालेली आहे, प्रमाणपत्र भिंतीवरच लावलंय. मी हे सगळं भडाभडा सांगून टाकलं. इतकं सलग मी वर्गातसुद्धा कधी बोललेले नाही.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कायदा ठाऊक असलेला बरा. पण पहिल्याच फोनला कायदा काढला तर गिऱ्हाईक तुटतं. आधी तारीख सांगायची, मग आकडा सांगायचा, आणि गप बसायचं." आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "लाव तू."

मी नको म्हणाले. त्या काठवटीकडं वळल्या आणि पुढची भाकरी थापायला लागल्या. नंबर समोर लिहिलेला होता.

रिंग वाजत असताना पोटात गोळा आला होता. पलीकडून "हॅलो" आलं तेव्हा मी वहीवर बोट ठेवलं आणि वाचल्यासारखं बोलले. "नमस्कार दादा, सोलापूरहून बोलतेय, कडक भाकरीच्या हिशेबासाठी. १८ नोव्हेंबरचा माल, ९०० नग, ६,७५० रुपये बाकी आहेत." आणि गप्प बसले. ते गप्प बसणं बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. काहीतरी बोलून टाकावं, "सवडीनं द्या" म्हणावं, असं फार वाटत होतं. पाचही जणींचे हात थांबले होते.

मग पलीकडून, "हो ताई, राहिलंय खरं. आज निम्मे टाकतो, बाकीचे सोमवारी."

मी विचारलं, "सोमवारी किती वाजेपर्यंत?" हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

निघताना मावशींनी मला एक भाकरी थापायला लावली. कडेला फाटली. तीही त्यांनी भाजली आणि कागदात गुंडाळून दिली.

संध्याकाळी सव्वासातला त्यांचा फोन आला. ३,३७५ जमा झाले होते.

घरी आले तेव्हा आई मशीनवर होती. शेजारच्या काकूंचं अस्तराचं ब्लाऊज, उद्या द्यायचंय. मी भाकरी तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, एका ब्लाऊजला तुला वेळ किती लागतो? म्हणाली, कधी मोजला नाही. दोरा, अस्तर, हुक यांचे पैसे मात्र तिला तोंडपाठ आहेत. मी जुन्या वहीचं कोरं पान फाडून रकाने आखले आणि सगळ्यात वर तिचं नाव लिहिलं.

"हे कशाला?" तिनं विचारलं, पण मशीन थांबवून घड्याळाकडं बघितलं.