सेव्ह केलं, तरी जुनंच का दिसतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी स्टोरेजच्या, म्हणजे लोकांचा डेटा मशीनवर साठवून ठेवायच्या कामात आहे हे कळलं, की इंदुरातल्या कुठल्याही लग्नामुंजीत हाच प्रश्न येतो: "'सेव्ह झालं' म्हणतं, पुन्हा उघडलं तर जुनंच. एकच खरं ठेवायला काय होतं रे तुम्हाला?"

डेटाची एकच प्रत ठेवली, तर ते मशीन बसलं की सगळंच बसलं. म्हणून सहसा तीन मशीनवर तीन प्रती असतात. बदल एकीवर आधी पोचतो, बाकीच्यांवर मागाहून. तेवढ्यात तुम्ही मागे राहिलेल्या प्रतीला विचारलंत, तर ती जुनंच सांगणार. याला इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी म्हणतात: प्रती जुळतात, पण कधी ते ठरलेलं नसतं.

यावर तोड आहे. दोन प्रतींनी होकार दिल्याशिवाय 'सेव्ह झालं' म्हणायचं नाही, आणि वाचतानाही दोघींना विचारायचं. तीनमधल्या कुठल्याही दोन जोड्या घ्या, एक प्रत दोन्हींत असतेच, म्हणून वाचताना नवं कळतंच. पण मशीनमधली लाइनच तुटली, तर एकटी पडलेली प्रत एकतर गप्प बसणार, नाहीतर शिळं सांगण्याचा धोका पत्करणार. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० साली हा पेच मांडला, गिल्बर्ट आणि लिंच या संशोधकांनी २००२मध्ये तो सिद्ध केला. ॲमेझॉनच्या डायनॅमो या डेटा साठवायच्या यंत्रणेने गप्प न बसणं निवडलं. कार्टमधून काढलेली वस्तू कधी परत उगवायची, पण टाकलेली हरवायची नाही. खरेदीत ते चालतं.

रामबागेतल्या काकांना नाही चाललं. त्यांचं औषधांचं दुकान, ऑर्डरचं ॲप माझ्या पहिल्या कंपनीचं. संध्याकाळी त्यांनी इन्सुलिनचे वीस डबे टाकले. यादीत दिसेनात, म्हणून परत टाकले. सकाळी दवा बाजारातून चाळीस आले, आणि दुकानातला फ्रिज छोटा. "मी दाबलं होतं रे, दिसलंच नाही," ते म्हणाले. चूक त्यांची नव्हती. ऑर्डर मुख्य प्रतीवर लिहिली जात होती आणि यादी मागे राहिलेल्या प्रतीवरून येत होती.

सगळ्या जगाला त्याच क्षणी दिसावं, एवढी महाग हमी इथे लागतच नव्हती. ज्याने लिहिलं त्याला आपलं लिहिलेलं दिसावं, बस. ही हमी मी सगळ्यात आधी मागतो. आम्ही प्रत्येक ऑर्डरबरोबर आवृत्तीचा आकडा, म्हणजे हा कितवा बदल ते, ॲपकडे परत पाठवू लागलो; ज्या प्रतीकडे तो आकडा पोचलेला नसेल, तिने त्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, मुख्य प्रतीकडे पाठवायचं.

मग मी काकांच्या गल्ल्यापाशी उभं राहून त्यांच्याच फोनवर एक डबा टाकला आणि लगेच यादी उघडली. डबा सगळ्यात वर होता.