टिंबानंतरची शून्यं

रात्रीचे साडेबारा. झोप नाही. कारण सांगितलं तर लोक हसतील: एक शून्य हरवलंय.

गिरगावची खोली रिकामी करताना दादा आईच्या हिशेबाच्या वह्या रद्दीत घालायला निघाला होता. मी १९८५ची तेवढी ओढून घेतली आणि चर्नी रोड ते कांदिवली छातीशी धरून आणली. तीन रात्री तिच्यातले आकडे टाइप करतेय. आईने लिहिलेत तसेच, मराठीत. पाव १.१०. बटाटे २.२०. दूध ६८.००.

वाटलं होतं, पायथॉन, म्हणजे मी वापरते ती प्रोग्रॅमिंगची भाषा, हे आकडे बघून ओरडेल, मग एकेका अंकाची इंग्रजी जोडी लावून द्यावी लागेल. फ्लोटला, म्हणजे त्यातल्या अपूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकाराला, '६८.००' दिलं तर त्याने मुकाट्याने घेतलं. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या लेखी जो दशमान अंक आहे, तो कुठल्याही लिपीतला त्याला चालतो. आणि आमच्या घरात 'अडुसष्ट' म्हटलं की 'म्हणजे किती?' असं विचारतात. असो.

पण उत्तर आलं ६८.०.

दोन शून्यं दिली होती, एकच परत आलं. खरं तर तेही आईचं नव्हे, छापताना फ्लोटने स्वतःच्या सवयीने लावलेलं. त्याच्या ६४ बिटांत किंमत मावते. कुणी किती शून्यं काढली होती, हे ठेवायला जागाच नाही. असे आकडे संगणकात कसे ठेवायचे हे सांगणारं आयट्रिपलई ७५४ हे मानक ठरलं १९८५ साली. म्हणजे आई ओट्याशी बसून शून्यं काढत होती, त्याच वर्षी ती न ठेवण्याची सोय झाली.

पाव अधिक बटाटे ३.३००००००००००००००३ आले, त्याचं काही वाटलं नाही. एक रुपया दहा पैसे द्विमान पद्धतीत पुरते लिहिताच येत नाहीत, जवळचा आकडा धरावा लागतो. त्या घोटाळ्यावर तर माझं पोट चालतं. दिवाळीतल्या '१,२५०.००' मधल्या स्वल्पविरामावर व्हॅल्यूएरर, म्हणजे 'हा आकडा नव्हे' अशी तक्रार, आली, तेही ठीक. पण हे शून्य? तिने इतकी वर्षं सांभाळलेली वही, आणि मी एका ओळीत... जाऊ दे.

उपाय मला माहीत नव्हता असं नाही. डेसिमलला, म्हणजे पायथॉनच्याच दशमान आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या प्रकाराला, दिलं की '६८.००' चं ६८.०० च राहतं. दिलं, राहिलं. तरी चुटपुट जाईना. दहाच्या सुमाराला दादाकडे फोन लावला.

"आई, अख्खे रुपये असले तरी तू टिंब देऊन दोन शून्यं का काढायचीस गं?"

मला वाटलं, टापटीप म्हणेल. किंवा तिच्या शाळेतल्या बाईंचं काहीतरी.

"तुझ्यामुळे," ती म्हणाली. "पहिलीत होतीस. नुसतं अडुसष्ट लिहिलेलं, तू पुढे तीन शून्यं काढून ठेवलीस. दुधाचे अडुसष्ट हजार! ह्यांनी वही बघितली आणि... मग मी टिंब द्यायला लागले. म्हटलं, आता काढ हवी तेवढी."

आणि खो खो हसली. किती दिवसांनी. गोळ्यांचं विचारायचं राहूनच गेलं.

म्हणजे तीन रात्री मी ज्याच्यासाठी गळा काढत होते, ती आईची टापटीप नव्हतीच. माझ्यापासून केलेला बंदोबस्त होता. फ्लोटलाही नेमकं तेच कळलेलं: टिंबानंतर शेवटी कितीही शून्यं काढा, किंमत तीच.

फोन ठेवून वही पुन्हा चाळली. ऑगस्ट. दूध ६८.००, आणि त्याला चिकटून पेन्सिलीने, जरा मोठी, वेडीवाकडी, आणखी तीन. टाइप करताना मी ती डाग समजून सोडून दिली होती.

आता भरली. डेसिमलने पाचही ठेवली, आणि बेरजेतही तशीच पुढे नेली. ऑगस्टचा एकूण खर्च: ४१२.६५०००.

राहू दिलाय.