धुळीने करंट पडतो, उष्णतेने व्होल्टेज

सोलर पॅनलची वीज कमी बनतेय असं दिसलं की पहिला हात जातो पाण्याच्या पाइपकडे. त्याआधी भर दुपारी इन्व्हर्टरवर डीसी बाजूचे, म्हणजे पॅनलकडून येणाऱ्या विजेचे, दोन आकडे बघा: करंट आणि व्होल्टेज. धूळ प्रकाश अडवते, म्हणून करंट पडतो. उष्णतेत व्होल्टेज पडतं, करंट जवळपास तसाच राहतो.

पॅनलवर छापलेले वॅट सेलचं (काचेखालच्या वीज बनवणाऱ्या चकतीचं) तापमान 25 अंश धरून असतात. हवा 40 अंशांवर आणि वारा पडलेला असेल तर सेल सहज 65 अंश गाठतो. मोनो पर्क या प्रकारच्या पॅनलची क्षमता दर अंशामागे साधारण 0.35 टक्के घटते, म्हणजे इथेच 14 टक्के गेले. 540 वॅटचं पॅनल 465 वर आलं. 415 व्होल्टची स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनलची माळ) अशा वेळी 355-360 दाखवत असेल तर तो बिघाड नाही. पाणी मारून मिळालेला गारवा काही मिनिटांत ओसरतो. खरा उपाय बसवतानाच करायचा: पॅनलखाली किमान 10-15 सेंमी मोकळी जागा, आणि तिथे अडगळ नको. नवीन घेणार असाल तर टॉपकॉन प्रकारचं पॅनल बघा, त्यात ही घट 0.30 टक्क्यांच्या आसपास असते.

धुळीचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी घेऊ नका. एकाच दिशेच्या, सारख्या दोन स्ट्रिंग असतील तर एकच धुवा आणि दुपारी दोन्हींचा करंट ताडून बघा. फरक 5 टक्क्यांच्या वर गेला की बाकीचीही धुवायची वेळ झाली, असं मी धरतो. उतार कमी असेल तर खालच्या फ्रेमच्या कडेला दवात भिजलेल्या धुळीची पट्टी घट्ट बसते. काच वरून स्वच्छ दिसते, पण त्या पट्टीखाली सेलची अख्खी ओळ दबलेली असते. पक्ष्यांची विष्ठा त्याहून वाईट. झाकलेला सेल तापतो, बायपास डायोड (अडलेल्या सेलना वगळून करंट पुढे नेणारा भाग) चालू होऊन पॅनलचा तिसरा हिस्सा बाद होतो आणि व्होल्टेज एकदम 13-14 व्होल्टने खाली येतं.

धुणं सकाळी, काच गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. जड पाणी असेल तर लगेच वायपर फिरवा, नाहीतर क्षारांचे डाग बसतात. प्रेशर जेट आणि धुण्याची पावडर अजिबात नको. धुतल्यावर इन्व्हर्टरने इन्सुलेशनचा फॉल्ट (वीज बाहेर गळत असल्याचा इशारा) दाखवला तर कुठेतरी कनेक्टरमध्ये किंवा चिरलेल्या केबलमध्ये पाणी शिरलंय. तो फॉल्ट नुसता रीसेट करू नका, तंत्रज्ञाला बोलावून जागा शोधून घ्या.